पाषाणचे गणित, भेंडवळचे ढेकूळ

भेंडवळची घटमांडणी कधी असते, हे बुलढाणा जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगेल. हवामानासाठी देशात बसवलेला सर्वात ताकदवान संगणक आपल्याच राज्यात, पुण्याच्या पाषाणला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे ते कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसून विचारा. यात शेतकऱ्याचा काडीचाही दोष नाही. दोष कुणाचा, ते या आठवड्यात स्पष्ट लिहायचे आहे.

पाषाणच्या त्या संस्थेचे नाव भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था. पुणेकर तिला ‘आयआयटीएम’ म्हणतात. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी ती हवामान खात्याचाच एक भाग म्हणून सुरू झाली. पी. आर. पिशारोटी हे पहिले संचालक. १ एप्रिल १९७१ पासून ती स्वायत्त आहे आणि आता केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली चालते. रोजचा अंदाज देते ते हवामान खाते. तो अंदाज ज्या गणितातून निघतो ते गणित घडवते, तपासते आणि सुधारते ती ही संस्था. म्हणून अंदाज चुकला की शिव्या खात्याला बसतात, आणि बरोबर आला की संस्थेची आठवण कुणाला होत नाही.

या गणितासाठी सरकारने हात आखडता घेतलेला नाही, हे आधी मान्य करू. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झाले. २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एका सेकंदात सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, कारण तिथे पावसाळ्यात ढग स्वतःच खिडकीशी येतात. २००९ पासून या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विमानातून ढगांत शिरून थेंब मोजले. सोलापूरच्या पर्जन्यछायेत कृत्रिम पावसाची शिस्तशीर चाचणी घेतली. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात सिलखेडा येथे मान्सूनच्या गाभ्याचा अभ्यास करणारे केंद्र उभे केले. पृथ्वीच्या हवामानाचे भारतीय बनावटीचे पहिले पूर्ण प्रारूपही याच संस्थेने तयार केले. समुद्र, जमीन, हवा आणि बर्फ यांचे एकत्र गणित करणाऱ्या या प्रारूपाचे निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालासाठी वापरले गेले. एवढे काम करणाऱ्या संस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. आणि म्हणूनच तिचे काम सिंदखेड राजाच्या किंवा संग्रामपूरच्या धुऱ्यापर्यंत पोचत नाही, याचा मला संताप येतो.

आता भेंडवळला जाऊ. जळगाव जामोद तालुक्यातले हे पूर्णाकाठचे गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखतात. गोलाकार घटाच्या कडेने अठरा प्रकारचे धान्य मांडतात: ज्वारी, तूर, मूग, उडीद, सरकी, तीळ, करडी, जवस, हरभरा, गहू, अंबाडी आणि बाकीचे. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. एकेक ढेकूळ पावसाळ्याच्या एकेका महिन्याचे. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, करंजी. खाली पानाचा विडा, त्यावर सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे सूर्य उगवायच्या आत वाघ घराण्यातले महाराज येऊन पाहणी करतात. कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, पुरी जागेवर आहे की नाही, हे बघून वर्षाचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही परंपरा सुरू केली, असे गावात सांगतात. जूनमध्ये पाऊस कसा, जुलैत कसा, कपाशी कशी, ज्वारी कशी, चाऱ्याची स्थिती काय, हे सगळे एका पहाटेत, भर शिवारात, हजारो माणसांसमोर सांगून होते.

माझे मत सरळ आहे. ढेकूळ किती भिजते हे घागर किती पाझरते आणि माती कशी आहे यावर ठरते. रात्री एखादा किडा, उंदीर किंवा वारा आला तर धान्य हलते. त्या ओलाव्याचा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याशी कसलाही संबंध नाही. ऑगस्टमध्ये प्रशांत महासागराचे पाणी किती तापलेले असेल, हे एप्रिलच्या रात्री पूर्णाकाठच्या मातीला कळणे शक्य नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण तीस किलो बियाणे एकरी मातीत टाकायचे की नाही, हा निर्णय या घटावर घेऊ नका, असे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

पण माणसे तिथे जातात, ती मूर्ख आहेत म्हणून नाही. भेंडवळचे भाकीत ठरलेल्या दिवशी मिळते. ते मराठीत मिळते. पिकाचे नाव घेऊन मिळते. सांगणारा माणूस समोर उभा असतो आणि पुढच्या वर्षीही तो तिथेच सापडतो. या पाच गोष्टींपैकी किती गोष्टी सरकारी अंदाजात आहेत, हे मोजून बघा. शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो, “पेरू का थांबू, भाऊ?” आणि त्याच्या मोबाइलवर येते ते असे: ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस.’ शास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य चोख आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. पण मोताळ्याच्या शेतकऱ्याला आपले शेत त्या चतुर्थांशात येते की उरलेल्या तीन भागांत, हे त्यातून कळत नाही. मग तो युट्यूबवर जातो. तिथे कुणीतरी छातीठोकपणे तारीख सांगतो, जिल्ह्याचे नाव घेतो, कधी तालुक्याचेही घेतो. खोटे बोलणाऱ्याकडे तारीख आहे आणि खरे बोलणाऱ्याकडे नाही, ही आपल्या हवामानसेवेची सध्याची अवस्था.

यात पाषाणच्या शास्त्रज्ञांची एक अडचण खरी आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. संगणकात हवामानाचे गणित करायचे म्हणजे आकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी वारा, उष्णता, बाष्प आणि दाब यांची समीकरणे सोडवायची, शेजारच्या चौकोनाशी देवाणघेवाण करायची आणि काही मिनिटे पुढे सरकून पुन्हा तेच करायचे. एका चौकोनात एकच आकडा बसतो. बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर आहे. आधीच्या बारा किलोमीटरच्या चौकोनांत जिल्ह्याचे सुमारे ६७ तुकडे होत. २६ मे २०२५ रोजी याच संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाला अर्पण झाली. तिचे चौकोन सहा किलोमीटरचे. आता जिल्ह्याचे सुमारे २६८ तुकडे होतात. ही मोठी झेप आहे. जगातल्या फार थोड्या देशांकडे एवढ्या बारीक जाळीचे जागतिक प्रारूप आहे. तरीही एका चौकोनात ३६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ हजार एकर जमीन येते, आणि तिच्यासाठी एकच आकडा.

त्यात आपला जिल्हा चौकोनात बसणारा नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आणि मलकापूर अडीचशेच्या. मध्ये राजूर घाट. खाली पूर्णेचे खोरे आणि खारपाणपट्टा, त्याच्या उत्तरेला सातपुड्याची भिंत. वरचा वारा आणि खालचा वारा एक नाही, वरची माती आणि खालची माती एक नाही, वरची पेरणी आणि खालची पेरणी एका दिवशी होत नाही. आणि बातमी येते ती ‘बुलढाणा जिल्ह्यासाठी यलो अलर्ट’. कोणता बुलढाणा?

हे केवळ तक्रारीचे बोलणे नाही. २०२३ चे वर्ष आठवा. २२ जुलैला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत आभाळ फाटले. सातपुड्यातून आलेल्या पाण्याने नाले-नद्या फुगल्या, गावांना वेढा पडला, शेतातली माती पिकासकट खरडून गेली. घाटावर त्या दिवशी तसे काही नव्हते. पुढच्याच महिन्यात पाऊस गायब झाला. देशपातळीवर १९०१ पासूनचा तो सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या शेतकऱ्याने जुलैत पिकात साचलेले पाणी काढले, त्याच शेतकऱ्याने ऑगस्टमध्ये फुलोऱ्यातले सोयाबीन माना टाकताना पाहिले. त्या वर्षी सरासरीचा आकडा काढून कुणाचे समाधान होणार होते?

आणि हे घडणार, असे पाषाणच्या संस्थेने तीन वर्षे आधी लिहून ठेवले होते. तारीख सांगून नव्हे, कल सांगून. २०२० मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारतातल्या हवामान बदलाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याचे संपादन याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केले. त्यात म्हटले आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्के घटला. पण मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. आणि पावसातले कोरडे खंड १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात २७ टक्के जास्त वेळा आले. एकूण पाऊस कमी, पडला तर कोसळणारा, आणि मधले खंड जास्त. घाटाखालचे २०२३ या चार ओळींत आधीच लिहिलेले होते. अहवाल इंग्रजीत होता. त्याचे मराठी पान जळगाव जामोदच्या पंचायत समितीच्या भिंतीवर लावायला पेटाफ्लॉप लागत नाहीत.

समुद्र तापतो, त्यावरून जाणारी हवा जास्त बाष्प उचलते आणि एकदम ओतते. या कार्यकारणभावावरही या संस्थेतले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे काम करत आहेत. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीमागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा आहेत. तापलेल्या समुद्रामुळे पश्चिमेचा वारा आता सारखा वाहत नाही; तो मध्येच उसळतो आणि उसळला की मध्य भारताच्या पट्ट्यापर्यंत पाणी आणून टाकतो. आपल्या नाल्याला आलेल्या पुराचे कारण शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रात आहे, हे संग्रामपूरच्या माणसाला कुणी शांतपणे बसून सांगितले आहे का?

लोणारचे सांगायला हवे, कारण ते आपले आहे. विवराच्या तळातला गाळ शास्त्रज्ञांनी नळीने वर काढला. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संशोधन केंद्राचे आणि भारतीय शास्त्रज्ञ या कामात एकत्र होते. सुमारे दहा मीटर गाळात सुमारे अकरा हजार वर्षांचा मान्सून थरावर थर साचलेला मिळाला. त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सरोवराचे पाणी खूप आटून क्षार दाट होतात तेव्हाच हे स्फटिक तयार होतात. म्हणजे ज्या थरात स्फटिक, तो काळ दुष्काळाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे दोन लांबलचक कोरडे कालखंड दिसले: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दोन्हींचा संबंध हिंदी-प्रशांत महासागरातल्या उबदार पाण्याच्या पट्ट्याशी लागतो. संगणकातले प्रारूप खरे की खोटे, हे तपासायला अशाच जुन्या नोंदी लागतात. जगभरातल्या हवामानशास्त्राला उपयोगी पडणारी नोंद आपल्या जिल्ह्यात, एका गाळात, हजारो वर्षे पडून होती. जिल्ह्यात अनुमान करायला घटातली ढेकळे लागत नाहीत. लोणारची माती पुरेशी बोलते.

आता मुख्य गोष्ट. पाषाणच्या गणितापासून धुऱ्यापर्यंत एक रस्ता होता. तो आपणच तोडला.

ग्रामीण कृषी मौसम सेवेत २०१८ पासून जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली. देशभर १९९ केंद्रे कृषी विज्ञान केंद्रांत बसवली होती. बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही असे केंद्र होते. मनुष्यबळ म्हणजे दोन कंत्राटी माणसे: एक कृषी हवामान तज्ज्ञ, एक निरीक्षक. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आला की ही माणसे बसायची आणि त्याचे रूपांतर करायची. अंदाजात वारा आहे म्हणून फवारणी पुढे ढकला. पाऊस येतोय म्हणून काढलेली सुडी झाकून ठेवा. तालुक्यात अजून पुरेशी ओल नाही म्हणून पेरणीची घाई नको. हे मराठीत, पिकाचे नाव घेऊन, तालुक्याचे नाव घेऊन, व्हॉट्सॲपवर गावागावांत जायचे. शंका आली तर फोन उचलणारा माणूस होता. भेंडवळला जे मिळते ते सगळे इथे होते, आणि वर त्याला शास्त्र होते.

मार्च २०२४ अखेर ही सगळी १९९ केंद्रे बंद झाली. हवामानाची माहिती आता यंत्रे आपोआप गोळा करतात, मग या माणसांची गरज काय, असा नीती आयोगाचा आक्षेप होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ज्याने हा आक्षेप घेतला त्याने केंद्राचे काम बघितलेले नव्हते. माहिती गोळा करणे हे त्या माणसांचे मुख्य काम नव्हतेच. माहितीचा अर्थ लावून सांगणे हे काम होते, आणि ते कोणतेही स्वयंचलित यंत्र करत नाही. केंद्रे पुन्हा सुरू करण्याची भाषा नंतर झाली. भाषेने पेरणी होत नाही.

तारखांकडे बघा. मार्च २०२४ मध्ये जिल्ह्याचा माणूस काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये अर्क आला. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रामपंचायत पातळीवरच्या हवामान अंदाजाचा शुभारंभ दिल्लीत झाला. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरची जाळी आली. म्हणजे विहीर खोल करत नेली आणि त्याच वेळी दोर कापून टाकला. ग्रामपंचायतीचा अंदाज ॲपवर आहे, हे मला मान्य. तापमान इतके, आर्द्रता इतकी, वाऱ्याचा वेग इतका. यावरून आज कपाशीवर फवारावे की नाही, हे सरपंचाने ठरवायचे का?

आता पैशाचा मुद्दा, कारण शेवटी सगळे तिथेच येते. मान्सून मिशन आणि महासंगणक यांवर केलेल्या गुंतवणुकीचा फायदा किती, हे मोजण्याचे काम राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेला दिले होते. २०२० च्या अहवालात त्यांनी म्हटले की सुमारे १,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीतून देशाला पाच वर्षांत सुमारे ५०,००० कोटींचा लाभ होईल. रुपयाला पन्नास रुपये. सरकार हा आकडा अभिमानाने सांगते आणि तो सांगावाच. पण तो लाभ पाषाणच्या इमारतीत तयार होत नाही. अंदाज ऐकून शेतकऱ्याने पेरणी चार दिवस लांबवली, सिंचन थांबवले, काढणी लवकर उरकली, तेव्हा तो तयार होतो. सल्ला पोचवणारी माणसेच घरी पाठवली, तर पन्नास रुपयांचा हा हिशेब कशाच्या जोरावर करायचा? शेकडो कोटींच्या यंत्रापुढे जिल्ह्यातल्या दोन माणसांचा पगार हा खर्च म्हणून तरी मोजण्यासारखा आहे का?

संस्थेलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पहिला, खंडाच्या अंदाजाबद्दल. मान्सूनचा पाऊस सलग पडत नाही. तो सक्रिय होतो, थांबतो, पुन्हा सक्रिय होतो. हा चढउतार दोन ते तीन आठवडे आधी ओळखणारी पद्धत याच संस्थेने विकसित केली आणि २०१६ मध्ये हवामान खात्याकडे सोपवली. दर आठवड्याला ती चालते. कोरडवाहू शेतीसाठी यापेक्षा मोलाची गोष्ट या देशाच्या हवामानशास्त्राने दिलेली नाही. जूनच्या पहिल्या सरीवर पेरले आणि नंतर पंधरा दिवस उघाड पडली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा, खताचा आणि मजुरीचा दुप्पट खर्च. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्याच्या जोडीला ‘पुढच्या पंधरवड्यात खंड पडण्याची शक्यता जास्त’ एवढे एक वाक्य मराठीत मिळाले तर चिखली-मेहकरच्या कितीतरी घरांचे वर्ष वाचेल. हा अंदाज नकाशांच्या रंगांत पडून राहतो. रंगांचा अर्थ लावणारा जिल्ह्यात कुणी नाही.

शेतकऱ्याला शक्यता कळत नाही, त्याला हो किंवा नाही हवे असते, असे अधिकारी बैठकांत म्हणतात. असे म्हणणाऱ्याने शेती केलेली नाही. सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचे तास टाकणारा माणूस शक्यतेवरच जगतो. पाऊस लवकर गेला तर सोयाबीन हाती, उशिरापर्यंत राहिला तर तूर हाती. दहापैकी सात वेळा खंड पडेल असे सांगा, तो बरोबर निर्णय घेईल. पण सात वेळा म्हणालात तर दहा वर्षांनी हिशेबही द्या.

दुसरा शब्द याच हिशेबाचा. भेंडवळचे भाकीत किती खरे ठरले याची नोंद कुणी ठेवत नाही. खरे ठरलेले लक्षात राहते, चुकलेले विसरले जाते. यावरून आपण भेंडवळला बोल लावतो, आणि तो योग्य आहे. पण मग शास्त्रानेही आपली पडताळणी गावासमोर मांडली पाहिजे. ती शोधनिबंधांत असते, तांत्रिक अहवालांत असते. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत या हंगामात किती अंदाज दिले, किती बरोबर आले, किती चुकले, हे एका पानावर मराठीत दरवर्षी छापायला काय हरकत आहे? चुकलेला अंदाज उघड करणारा माणूस शेतकऱ्याला आवडतो. लपवणाऱ्याचे तो एकदाच ऐकतो.

विजेचेच बघा. ‘दामिनी’ हे ॲप याच संस्थेचे. वीज पडल्याची जागा टिपणारे सेन्सरचे जाळे देशभर आहे आणि आपल्या परिसरात वीज येण्याचा इशारा त्यावर थोडा वेळ आधी मिळतो. तेवढा वेळ शेतातून पक्क्या छताखाली जायला पुरतो. विदर्भात दर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर शेतमजूर विजेने मरतात. झाडाखाली आडोशाला गेलेले असतात, त्यांत बायाही असतात. त्यांच्यातल्या कितीजणींच्या हातात असा फोन असतो, ज्यावर हे ॲप चालेल? गावच्या देवळावर भोंगा आहे. ग्रामपंचायतीत शिपाई आहे. इशारा पाषाणहून भोंग्यापर्यंत आणायचा तर एक फोन करणारा माणूस लागतो. तो कुठल्याही योजनेत नाही.

पाऊस मोजण्याचीही तीच गत. महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र. एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त नोंद झाली की अतिवृष्टी. केंद्राजवळ ५० पडला आणि चार कोसांवरच्या शिवारात १०० पडला, तर त्या शिवारातला शेतकरी कागदावर कोरडा राहतो. पंचनाम्यात त्याची अतिवृष्टी दिसत नाही. अंदाजाच्या गणितालाही मोजमाप लागतेच. मोजमाप विरळ असेल तर अर्कही अचूक सांगणार नाही. आत घालाल तेच बाहेर येईल.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत बसाल तेव्हा एवढे तीन ठराव लेखी मांडा. बुलढाण्याचे जिल्हा कृषी हवामान केंद्र पुन्हा सुरू करा आणि त्यात कंत्राटी नव्हे, कायम पदे भरा. घाटावरचा आणि घाटाखालचा सल्ला वेगळा द्या. दर हंगामाच्या शेवटी तालुकावार अंदाजाची पडताळणी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला आणि एक पाषाणच्या संस्थेच्या संचालकांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.